आजारपणाच्या रजेत मॅनेजर साथ देत नसेल, तर काय करायचं

माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं आणि उशाशेजारच्या लोखंडी कपाटावर फोन थरथरत होता. मॅनेजरांचा मेसेज होता : "दहाच मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप जवळ आहे ना?" नवऱ्याने घरून लॅपटॉप आणून दिला आणि मी आडव्या आडव्याच एक शीट दुरुस्त करून पाठवली. दोन महिन्यांनी माझ्या बिनपगारी दिवसांचा वाद एचआरकडे गेला, तेव्हा मॅनेजरांनी नेमका तोच मेल पुढे केला. दवाखान्यातून काम करता येत होतं, मग आठ आठवड्यांची रजा कशाला लागली, असा त्यांचा सवाल होता.

मी तेव्हा पगारपत्रकाच्या विभागात होते. रजांचे नियम रोज हाताखालून जायचे, तरी स्वतःच्या वेळी मला हे सुचलं नाही. त्यानंतरच्या वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांना अशा वेळी मदत केली. त्यातून जे हाताशी आलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे मुख्यतः महाराष्ट्रात खासगी नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी नोकरीतले रजेचे नियम वेगळे आहेत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही आजारी आहात का आणि किती दिवस काम करायचं नाही, हे डॉक्टर ठरवतात. तुमच्या मागे काम कोण सांभाळणार, हे मॅनेजर ठरवतात. त्रास देणारा मॅनेजर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर अडलेला असतो आणि राग पहिल्या प्रश्नावर काढतो. "एवढं काय झालंय तुला?" या वाक्यामागे "महिनाअखेरीचं काम आता कोण करणार?" हीच काळजी असते. आपणही घाबरून आजाराचं वर्णन करत बसतो आणि ते वर्णन त्यांना कधीच पुरत नाही. म्हणून प्रत्येक बोलण्यात, प्रत्येक मेलमध्ये हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पहिल्याच दिवशी : रजेचा मेल

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवलं असलं तरी त्याच दिवशी मेल करा. ताप चढलेला असेल तर घरातल्या कुणाला तरी टाइप करायला सांगा. मेल मॅनेजरना, प्रत एचआरला आणि एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर. खासगी प्रत हवीच, कारण लांबच्या रजेत कंपनीचं लॉगिन बंद झालं तर आपल्या हातात काहीच उरत नाही. फक्त रजेसंबंधीचे मेलच खासगी पत्त्यावर घ्या. ग्राहकांची किंवा कंपनीची माहिती तिकडे गेली तर तुमच्याविरुद्ध ती एक वेगळीच तक्रार होईल.

मजकूर साधारण असा असावा :

"सर, डॉक्टरांनी मला आजपासून १५ दिवस पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र एचआरकडे पाठवत आहे. पुढची तपासणी १८ तारखेला आहे. त्यानंतर रजा वाढणार की मी रुजू होणार हे त्याच दिवशी कळवीन. चालू कामांची यादी सोबत जोडली आहे. कृपया ही माहिती मिळाल्याचं कळवावं."

यात माफी नाही आणि लक्षणांचा पाढाही नाही. ऑफिसात इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर इंग्रजीत लिहा, पण हाडं हीच ठेवा : किती दिवस, कोणत्या तारखेपासून, पुढची तपासणी कधी. "रजा मंजूर करावी ही नम्र विनंती" असं लिहिलंत तरी बिघडत नाही, पण डॉक्टरांचा सल्ला विनंतीच्या आधी यायला हवा.

आपण नेमक्या कोणत्या रजेवर आहोत?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पण "आजारपणाची रजा" असा वेगळा हक्काचा कोटा त्यात नाही. म्हणजे तुमच्या ऑफिसात १० किंवा १२ दिवस सिक लीव्ह मिळत असेल, तर ती कंपनीच्या धोरणातून किंवा नियुक्तीपत्रातून आलेली असते. तेव्हा भांडण्याआधी ते धोरण उतरवून घ्या आणि नीट वाचा. प्रमाणपत्र किती दिवसांच्या रजेनंतर लागतं? सिक लीव्ह संपली की अर्जित रजा आपोआप वळते करतात की अर्ज करावा लागतो? बिनपगारी रजा कोण मंजूर करतं, मॅनेजर की एचआर? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "एचआर" असं निघतं आणि मग मॅनेजरांच्या नकाराचं वजन एकदम कमी होतं.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असण्याची दाट शक्यता आहे. अपंग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा. दिसत असेल तर तुमची बाजू एखाद्या मोठ्या आयटी कंपनीतल्या माणसापेक्षाही भक्कम आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत ईएसआयकडून मिळते. क्षयरोगासारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांमध्ये, नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर, हे प्रमाण ८० टक्के होतं आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते.

माझा एक मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात होता. त्याला टीबी निघाला. सुपरवायझरने प्रेमाने समजावलं, "राजीनामा लिहून दे, बरा झालास की परत घेतो." त्याने कागद लिहूनही ठेवला होता. सुदैवाने मावशीने मला फोन केला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात कलम ७३ होतं : आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही आणि त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीस वैध नाही. त्या कागदावर सही झाली असती तर हे संरक्षण त्याने आपल्या हाताने सोडलं असतं. कागद फाडला, ईएसआय दवाखान्याचं प्रमाणपत्र कारखान्यात जमा केलं, उपचार पूर्ण केले आणि तो त्याच मशीनवर परत उभा राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यामुळे आज पत्र लिहिताना जुन्या कलमाचा आकडा टाकू नका. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन आताची तरतूद विचारा आणि तीच लिहा.

ईएसआयच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र सांभाळा. प्रमाणपत्र ईएसआयच्या दवाखान्याचं किंवा त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांचं हवं. आणि लाभ घेत असलेल्या दिवशी काम करायचं नाही. "जरा येऊन सही करून जा, तासाभराचं काम आहे" असं बोलावलं आणि तुम्ही गेलात, तर त्या दिवसाचा लाभ धोक्यात येतो. हे कारण मॅनेजरना सरळ सांगता येतं.

प्रमाणपत्र आणि आजाराचं नाव

प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख, "अमुक तारखेपासून अमुक दिवस" आणि सही-शिक्का आहे ना, हे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी बघा. "विश्रांतीची गरज आहे" एवढंच लिहिलेला कागद एचआर परत पाठवू शकतं. रजा वाढणार असेल तर दुसरं प्रमाणपत्र पहिलं संपायच्या आत पोचायला हवं. मधे दोन दिवसांची फट राहिली की तिथेच "विनापरवानगी गैरहजर" असा शेरा पडतो. जुने कागद हरवले असतील तर डॉक्टरांकडे लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात.

रजेच्या प्रमाणपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात आजाराचं नाव लिहायची जागा असते. म्हणून मूळ कागद एचआरकडे किंवा कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि मॅनेजरना फक्त तारखा कळवा. नैराश्य, गर्भपात, टीबी, एखादी गाठ असं काही असेल तर हे विशेष पाळा. एका मैत्रिणीच्या मॅनेजरने तिचं प्रमाणपत्र "सगळ्यांनी प्रार्थना करा" म्हणत टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. हेतू वाईट नसेलही, पण ती परतली तेव्हा तिच्या शेजारी कुणी डबा उघडेना.

कामाची यादी : एकदाच, नीट

इथे मॅनेजरांची खरी अडचण सुटते, म्हणून कंटाळा करू नका. अंगात ताकद असेल तर एक पानाची यादी करा. कोणतं काम कुठवर आलंय, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, पुढची तारीख कोणती, कुणाला माहिती आहे. "जीएसटीची शीट शेअर्ड ड्राइव्हवर, ११ तारखेच्या आत भरायची, मागच्या महिन्यात अमोलने माझ्यासोबत केली होती", इतकं ठोस. पासवर्ड देऊ नका; प्रवेश आयटी विभागाकडून बदलून घ्यायला सांगा. ताकदच नसेल, अचानक भरती व्हावं लागलं असेल, तर यादी नाही म्हणून रजा चुकीची ठरत नाही. तेवढंच कळवा आणि स्वस्थ पडून राहा.

फोन येत राहतात तेव्हा

सगळ्यात जास्त छळ होतो तो इथे. मालक काही गुंड पाठवत नाही, रोज सकाळी साडेदहाला "कसं वाटतंय?" असा फोन येतो आणि तिसऱ्या वाक्याला काम निघतं. आपल्याकडे "नाही" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, साहेबांना तर फारच. पण उद्धट न होता नकार देता येतो.

"सर, डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितलंय. काही विचारायचं असेल तर मेल करा, मी शुक्रवारी संध्याकाळी एकदा मेल बघते." आठवड्यातून एकदा, ठरलेली वेळ. तीही जमत नसेल तर देऊ नका.

"तू घरीच तर आहेस, आडवं पडून कॉल तर घेता येईल" याला उत्तर : "सर, कॉल घेता येण्याइतकी बरी झाले की डॉक्टर तसं लिहून देतील, मी लगेच कळवते." इथे वाद तुमचा आणि साहेबांचा राहत नाही, कागद डॉक्टरांचा असतो.

"टीम तुझ्यामुळे अडकलीय" याला उत्तर : "मला कल्पना आहे सर, म्हणूनच यादी दिली आहे. त्यातल्या कुठल्या कामाला माणूस हवाय ते तुम्ही ठरवा." मुद्दा परत त्यांच्या हातात जातो, जिथे तो असायला हवा.

घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. आईने फोन उचलला, साहेब गोड बोलले आणि आईने सांगून टाकलं, "हो हो, आता बरी आहे, काल देवळात जाऊन आली." झालं! आई चुकली नाही, तिने आपलेपणाने सांगितलं. पण पुढच्या बैठकीत ते वाक्य येतं. घरच्यांनी एवढंच म्हणावं : "ती झोपलीय, तुमचा निरोप देते." आणि तुम्हीही रजेत समाजमाध्यमांवर फोटो टाकू नका. मणक्याच्या रजेत भाचीच्या बारशाला तासभर बसून येणं गैर नाही, पण फोटोत तो तास आणि त्यानंतरची दोन दिवसांची कळ दिसत नाही.

आणि काम करायचं नाही. माझ्या दहा मिनिटांचं काय झालं ते वर सांगितलंच. अगदी नाइलाजाने काही केलंतच तर त्याच मेलमध्ये लिहा : "आपल्या आग्रहावरून रजेत असताना हे पाठवत आहे, डॉक्टरांचा विश्रांतीचा सल्ला कायम आहे."

वही

शंभर पानी साधी वही घ्या. तारीख, वेळ, कोण बोललं, शब्द काय होते, तुम्ही काय उत्तर दिलं. शिव्याशाप लिहू नका, शब्द जसेच्या तसे लिहा. फोनवर काही महत्त्वाचं बोलणं झालं की अर्ध्या तासात दोन ओळींचा मेल : "आत्ता फोनवर आपण सोमवारपासून रुजू व्हायला सांगितलंत. डॉक्टरांनी २८ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे." साहेब उत्तर देवोत न देवोत, नोंद झाली. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ चॅट आणि तो फोनही जपा. प्रकरण कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं.

एचआरकडे कधी आणि कसं

दोनदा मेलवर सांगूनही फोन थांबले नाहीत, रजा "नाकारली" असं लेखी आलं, किंवा नोकरी जाईल अशी भाषा सुरू झाली, की थांबू नका. एचआरला मॅनेजरांच्या स्वभावाबद्दल लिहू नका. मी त्या टेबलापलीकडे बसले आहे. "सर फार त्रास देतात" या मेलचं काय करायचं ते तिथे कुणालाच कळत नाही. "३, ५ आणि ९ तारखेला रजेत असताना कामासाठी फोन आले, ९ तारखेला रजा रद्द केल्याचा मेसेज आला, प्रमाणपत्र २८ पर्यंतचं आहे, माझ्या रजेची नोंद कशी होणार ते कृपया लेखी कळवावं" याचं काय करायचं ते लगेच कळतं. प्रश्न असा विचारा की नेमकं उत्तर द्यावंच लागेल.

कंपनीने त्यांच्या डॉक्टरकडून तपासणी करायला सांगितलं तर बिथरून नकार देऊ नका. प्रवास करता येण्यासारखी तब्येत असेल तर जा, नसेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. नकार देणारा माणूस लपवतोय असं दिसतं.

नोटीस आली तर

"गैरहजर आहात, कारण दाखवा" किंवा "नोकरी सोडून गेलात असं समजू" असं पत्र आलं की पुष्कळ जण ते उशीखाली ठेवतात. तसं करू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, मेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही. पावती वहीत चिकटवा. उत्तर छोटं असावं : पहिला मेल कधी केला, प्रमाणपत्रं कोणत्या तारखांची, नोकरी सोडायचा कोणताही हेतू नाही, बरं झाल्यावर रुजू होणार.

हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून स्थायी आदेशांवर, म्हणजे कंपनीने नोकरीच्या अटींसाठी ठरवलेल्या नियमांवर, बोट ठेवून, बाजू न ऐकता कामगाराला काढता येत नाही. २०१२ च्या कृष्णकांत परमार प्रकरणात, ते केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचं होतं, गैरहजेरी जाणूनबुजून होती का हे आधी सिद्ध व्हायला हवं असं म्हटलं गेलं. तुमची गैरहजेरी जाणूनबुजून नव्हती, हे तुमचे मेल आणि प्रमाणपत्रं दाखवतात.

दुसरी बाजूही सांगते, लपवण्यात अर्थ नाही. सतत ढासळलेल्या प्रकृतीमुळे नोकरी संपवली, तर कायदा तिला "कपात" (रिट्रेंचमेंट, म्हणजे मालकाने कामगार कमी करणं) मानत नाही, त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नाही. रजा महिनोन्‌महिने लांबणार असेल तर आपणहून हलकं काम, कमी तास किंवा बदली यांचा प्रस्ताव लेखी द्या. नोकरी गेलीच तर कामगारांनी जिल्ह्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात जावं. व्यवस्थापकीय पदावर असाल तर तो मार्ग बहुधा नसतो. नियुक्तीपत्र घेऊन वकिलाकडे जा. मोफत विधी सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळू शकते.

राजीनामा आत्ता नको

तापात, दुखण्यात, औषधांच्या गुंगीत राजीनामा लिहू नका. अनेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच गट विम्याचं छत्र संपतं आणि उपचार तर अर्ध्यावर असतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने असतील तर ते मोजा. आजारपणामुळे पडलेला खंड सलग सेवेतच धरला जातो. एचआरच्या खोलीत "आत्ताच सही करा" म्हणाले तर "घरी वाचून उद्या कळवते" म्हणा आणि बाहेर या. सोडायचंच ठरलं तर शांतपणे, विमा आणि देणी यांची चौकशी करून सोडा. वेतन संहितेप्रमाणे शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं.

या सगळ्यात झोप उडाली असेल, फोन वाजला की छाती धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

परत जाताना

फिटनेस प्रमाणपत्रात फक्त "कामासाठी योग्य" एवढंच लिहून घेऊ नका. काय जमणार नाही तेही लिहून घ्या. माझ्या कागदावर होतं : सहा आठवडे पाच किलोहून जास्त वजन उचलू नये, दर ४५ मिनिटांनी उठावं. पहिल्या बैठकीत मॅनेजर म्हणाले, "सारखं उठून कुठे जाते?" मी कागद पुढे सरकवला. त्यांनी वाचला, परत दिला आणि तो विषय तिथे संपला.

पहिल्या आठवड्यात सिस्टीममधली रजेची नोंद उघडून बघा : कोणते दिवस सिक लीव्ह, कोणते अर्जित, कोणते बिनपगारी. महिन्याच्या स्लिपशी ते ताडून पाहा. वार्षिक मूल्यांकनात रजेचे महिने वगळून उद्दिष्टं मोजणार का, हे आत्ताच विचारा, मार्चमध्ये नव्हे. चूक सापडली तर नवा मेल सुरू करू नका. पहिल्या दिवशीच्या त्याच रजेच्या मेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे सगळ्या तारखा एकाखाली एक राहतात.